मिठाचे अकरा संदर्भ

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून धुलाई. धाकट्या भावाचा 'तडा' नावाचा रॉक बँड. तो आणि त्याचे दोन टगे आमच्याच गच्चीवरच्या खोलीत रोज संध्याकाळी बोंबलतात. बोंबलू देत. पण त्यांच्या तिसऱ्या गाण्याने लोक खुळावलेत. कॉलेजातली नवी मॅडमसुद्धा म्हणते, काय खोल शब्द आहेत सर! खोल? ढापलेत! बावीस वर्षं साहित्य शिकवतोय, मला वास येतो. २० तारखेला वाचनालयात माझं व्याख्यान. ओळीओळीचा मूळ संदर्भ काढून चोराला भर सभेत उघडं पाडणार.
शिवाय, ब्लडप्रेशरसाठी आजपासून चिडायचं नाही.

५ मार्च
चिडलो. ड्रमवाल्यावर. दिवसा दातांचा डॉक्टर आहे म्हणे. पेशंटचे हाल डोळ्यांपुढे आले.
पहिली ओळ: 'टेबलाच्या टोकाला राजा, मीठ कमी म्हणतो, उठून घेत नाही.' उघड आहे. पदच्युत राजाचं कुठलं तरी प्राचीन शोकनाट्य. मीठ म्हणजे प्रजेचे अश्रू. सहा संदर्भ झाले.
भाजी अळणी होती. बसल्या जागेवरून तसं सांगितलं.

८ मार्च, दुपार
धाकट्याला दरडावून विचारलं, शब्द कोण लिहितं? वहिनीला विचार म्हणाला. पळवाट! माझ्या बायकोचा काय संबंध? दिवसभर ऑफिस, मग या टग्यांना चहा घेऊन वर जाते आणि दीड-दीड तास तिथे काय करते देव जाणे. तरी विचारलं. तुम्हीच शोधा ना, एवढे हुशार आहात, म्हणाली. बरोबर आहे. हिला काय कळतंय!
फ्रिजवरची हिची चिठ्ठी नेहमीप्रमाणे लाल पेनाने तपासली. 'दूध आणा, गिझर बिघडलाय.' एका वाक्यात दोन विषय, मांडणी विस्कळीत. नेहमीचेच दहापैकी चार.
दूध राहिलंच.

१२ मार्च
दुसरं कडवं: 'माझ्या चिठ्ठीवर लाल शाई, दहापैकी चार.' लाल शाई म्हणजे रक्त. सरळसरळ परदेशी युद्धकविता. चार म्हणजे चार दिशा. अकरा संदर्भ पुरे झाले.
राजाचा मात्र संताप येतो. काय माणूस आहे! असल्याबरोबर कोणी राहावं कसं? हिला बोलून दाखवलं. मीही तोच विचार करतेय म्हणाली. साहित्यावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

२० मार्च, सायंकाळी ५
निघतो. हिलाही चल म्हटलं. शिकेल काहीतरी. आज चिडणार नाही.

२१ मार्च
चिडलो. अकराही संदर्भ सांगून झाले. टाळ्या जेमतेम. मग गरजलो, चोर इथे असेल तर उभा राहा! तिसऱ्या रांगेत ही उभी राहिली. मला वाटलं बाथरूमला निघाली, बस म्हणालो. बसली नाही. पर्स काखेला लावली आणि म्हणाली, अहो, तो राजा नाटकातला नाही, घरातला आहे. सोळा वर्षं.
दातांच्या डॉक्टरने शिट्टी मारली. नवी मॅडम हसून हसून वाकली. पण माघार कसली? म्हणालो, लेखकाला स्वतःच्या लेखनाचा अर्थ कळत नसतो. तेव्हा तो मुद्दा बिनतोड वाटला होता.
ही येताना धाकट्याबरोबर आली.

२४ मार्च
फ्रिजवर चिठ्ठी. 'बँडबरोबर दौऱ्यावर जातेय. परत यायचं की नाही ते तिकडे ठरवेन. फोन करू नका, मी करेन.'
लाल पेन काढलं. तीनदा वाचली. खोडायला काही सापडेना. खाली दहापैकी दहा लिहिले आणि दाखवायला हिला हाक मारली. मग आठवलं.
दोन अंडी उकडली. मीठ कुठे असतं ते माहीत नाही.