ईश्वरीच्या सीटचं लेबल

राजश्री,

मी वाशीच्या वाचनालयात जातोय. टॅक्सी एकची आहे, त्याआधी परत येतो.

सकाळी तू विमान कंपनीला फोनवर सांगत होतीस, "कार सीटवर लाल अक्षरांचं लेबल आहे, विमानात चालते असं." ते लेबल आता बाळाच्या सीटवर नाही. त्याचा कोपरा ईश्वरीच्या हाताला टोचत होता, म्हणून परवा मी ते सोलून काढलं. फेकवेना, तेव्हा एका पुस्तकाच्या फाटक्या पाठीला चिकटवलं आणि पुस्तक काल परत केलं. तुझ्यासमोर हे सांगायचा धीर झाला नाही.

मला उशीर झाला तरी सीट सामानात देऊ नकोस, काउंटरवर आधी विचार. पट्टे पुसून ठेवलेत.

तुम्ही दोघींनी कायमचं जावईबापूंकडे, सौरभकडे दुबईला जाऊ नये असं मला वाटतं, हे तुला ठाऊक असेलच. पण लेबल त्यासाठी काढलं नाही. निदान मला तरी तसं वाटतं.

पुस्तक कुणी नेलं असेल तर पत्ता घेऊन त्यांच्या घरी जाईन. अनोळखी असले तरी बेल वाजवीन.

बाबा