शेपटीखालची काडी

माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला, म्हणून हे मृत्युपत्र पुन्हा लिहावे लागत आहे. प्रकृती उत्तम आहे. मरणाची घाई नाही. पण डोळ्यावरची पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत जाऊन आमचे बाँबफेकी विमान भिंगाखाली धरले, आणि पाच वर्षांपूर्वीच्या मृत्युपत्रातले सातवे कलम अन्यायाचे आहे हे मला स्वच्छ दिसले. अन्याय दिसल्यावर कागद तसाच ठेवणे मी केलेल्या नोकरीला शोभत नाही.

तरी मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणसत्तर, भौतिकशास्त्राची पदवीधर, सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षक, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात किंचित कापतो पण सही जुळते, आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. एकोणतीस वर्षे दुकानदारांच्या दबावाला मी भीक घातली नाही, तिथे घरच्यांची काय कथा! मृत्युपत्रात कारणे लिहू नयेत असा वकीलबाईंचा सल्ला आहे. "कारणं लिहिली की भांडायला जागा राहते," असे त्या म्हणाल्या. कारण न लिहिता मी आजवर एकाही दुकानाचा तराजू जप्त केलेला नाही. म्हणून कारणे लिहीत आहे.

कलम १. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातले सातवे कलम, "सूनबाईने विमानाला हात लावू नये, धूळ पुसण्याच्या निमित्तानेही नाही," हे तर दोनदा रद्द समजावे.

कलम २. हे घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि उत्तरेच्या खिडकीची मागची खोली, चिरंजीव आणि सूनबाई यांना समान हक्काने मिळावे. आधी ते एकट्या चिरंजीवांच्या नावे होते. परंतु गेल्या अकरा वर्षांत त्याने गळका नळ एकदाही स्वतः दुरुस्त केलेला नाही, आणि केला असे तीनदा सांगितलेले आहे. मागच्या खोलीतले टेबल खिडकीपासून हलवू नये. तिथे कपडे धुण्याचे यंत्र बसवण्याचा बेत माझ्या कानावर आला आहे. तो बेतही रद्द.

कलम ३. बँकेतली ठेव ज्यांची नावे तिथे लागली आहेत त्यांनाच जाईल. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

कलम ४. भिंतीवरचे घड्याळ वन्संना द्यावे. ते रोज चार मिनिटे पुढे जाते. वन्सं आयुष्यात कुठेही वेळेवर पोचलेल्या नाहीत, तेव्हा ते त्यांना मानवेल. यांच्या विमानाला त्यांनी चारचौघांत "म्हातारपणचं खेळणं" म्हटले होते, हे मी विसरलेले नाही. तरी घड्याळ द्यावे.

कलम ५. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने दिलेला काचेच्या पेटीतला लहान तराजू आणि पितळी वजनांचा संच कोपऱ्यावरच्या घड्याळजींना द्यावा. त्यांच्याशी मी पाच वर्षे बोलत नव्हते. आमचे विमान पाहून ते म्हणाले होते, "वहिनी, बाकी सगळं झकास, पण हे कुत्र्यासारखं बसलंय की हो शेपटीवर!" वाक्य खरे होते, म्हणून ते जास्त लागले. तराजू त्यांनी हात धुऊन वापरावा. वजने चिमट्यानेच उचलावीत. बोटाचा घाम पितळेला चढतो आणि वजन खोटे होते.

कलम ६. आता विमान. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हे प्लास्टिकच्या सुट्या भागांचे, वीतभर लांबीचे, चार इंजिनांचे बाँबफेकी विमान आहे. खऱ्या विमानाच्या एकशे चव्वेचाळीसाव्या हिश्श्याचे. एकोणीस वर्षांपूर्वी यांच्या छापखान्यातले शिशाच्या अक्षरांचे खिळे मोडीत निघाले आणि खिळे जुळवणारे आमचे हे घरी बसले, तेव्हा रिकाम्या हातांना काम हवे म्हणून त्यांनी ते खोके आणले. नाकाखाली एक चाक, पंखांखाली दोन. असे विमान जोडताना नाकात वजन भरावे लागते, नाहीतर ते मागे कलंडून शेपटीवर बसते. सूचनांच्या कागदावर हे चित्रासकट छापलेले आहे. यांनी धडाचे दोन अर्धे चिकटवले, पंख लावले, विमान टेबलावर ठेवले, आणि ते शेपटीवर बसले.

"वजन घातलंच नाहीत तुम्ही," मी म्हटले.

"घातलंय गं! माझ्या या हातांनी सहा मणी घातलेत, गळाला लावतात ते शिशाचे."

"मग उभं का राहत नाही ते?"

"दमलं असेल. लांबून आलंय."

दुसऱ्या दिवशी यांनी आगपेटीतली एक काडी तासून तिला रुपेरी रंग दिला आणि विमानाच्या शेपटीखाली टेकू म्हणून उभी केली; ती आखूड पडली, नाकाचे चाक अधांतरीच राहिले. खऱ्या विमानालाही जमिनीवर असा टेकू देतात, ही सुधारणा आहे, असे त्यांचे म्हणणे. हा कबुलीजबाब आहे, असे माझे. तेरा वर्षे हा वाद चालला, आणि तो निकालात निघण्याआधीच हे गेले. जाण्यापूर्वी माझ्याकडून त्यांनी एकच वचन घेतले होते: विमानाचे पोट फाडायचे नाही. मी ते पाळले.

पोट सोडून बाकी सगळे मी सुधारले. पंख्यांची पाती काचकागदाने घासून पातळ केली. चाके खालून किंचित सपाट केली, कारण भार पेलणारे चाक पूर्ण गोल राहत नाही. चॉकलेटच्या चांदीचे पट्टे कापून वैमानिकाच्या खुर्चीला लावले. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात तिचा तुकडा मेणबत्तीवर ऊन करून ओढला की केसाएवढी तार निघते. ती पाठीवर बिनतारी संदेशाची तार म्हणून ताणली. आणि यांनी वजन घातलेले नाही असे धरून मी गणित मांडले: चारही इंजिनांच्या तोंडात मिळून आठ ग्रॅम शिसे घातले की नाक खाली यायला हवे. मी नऊ घातले. विमान शेपटीवरच. गणित चार वेळा तपासले. जन्मभर लोकांची वजने खोटी ठरवणाऱ्या बाईचे घरातले एक वीतभर विमान समतोल होत नव्हते. याची मला किती लाज वाटे, ते मी आजच लिहीत आहे.

कलम ७. ऑपरेशननंतर भिंगाखाली मला काय दिसले ते असे. पाठीवरची तार माझी नव्हती. माझ्या तारेला मधोमध एक बारीक गाठ होती, हिला नव्हती. शेपटीतल्या बंदुकीच्या नळीला खरोखरचे भोक पाडलेले होते, केसही जाणार नाही एवढे. इंजिनांची धुराडी आतून कोरलेली होती. गेली दोन वर्षे ही सगळी कारागिरी मी आल्यागेल्याला "हे बघा, माझ्या हातचं" म्हणून दाखवत होते. उलट डाव्या पंखावरचे रंगाचे ओघळ मात्र नक्की माझेच होते.

मी घरच्यांना बोलावले. चिरंजीव म्हणाला, "मला काय विचारतेस? मी त्या खोलीत पायही ठेवत नाही." हे खरे आहे.

सूनबाई म्हणाली, "आई, चहा टाकू?"

खोटी वजने वापरणारा दुकानदार आधी चहा विचारतो. एकोणतीस वर्षांत याला अपवाद पाहिला नाही.

"चहा नंतर. ही तार कधीची?"

"दोन वर्षं झाली. तुमची तार माझ्या फडक्यात अडकून तुटली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? सातवं कलम यांनी मला वाचून दाखवलं होतं. तार तुटली म्हणून नवी लावली. लावताना बंदूक दिसली, ती अगदीच काडीसारखी होती. माझ्याकडे दातांचं बारीक ड्रिल होतंच. मग..." इथे तिने बंदुकीच्या नळीकडे पाहिले. "मग आवडायलाच लागलं, आई. तुम्ही दुपारी आडव्या झालात की मी पंधरा मिनिटं इथे येऊन बसायची. उभीच असायचे खरं तर. खुर्ची सरकली की तुम्हाला जाग येते."

सूनबाई दातांची डॉक्टर आहे, हे सांगायचे राहिले. नऊ वर्षे ती या घरात आहे. माणसांच्या दाढा तिच्या हाती निर्धास्त सोपवणाऱ्या लोकांची रांग दवाखान्याबाहेर असते, आणि मी तिला फडके घेऊन खोलीत यायची बंदी केली होती. या टेबलापाशी मी तिला कधी बस म्हटलेले नाही. ही चूक माझी.

"आणखी एक आहे," ती म्हणाली आणि तिने एक पाकीट आणून माझ्यासमोर ठेवले. पाकिटावर तिच्या दवाखान्याच्या पद्धतीने लिहिले होते: रुग्ण, विमान. वय, अठरा. तक्रार, मागे कलते. आत दोन एक्स-रे होते. पहिला नाकाचा: तिथे काही नव्हते. दुसरा शेपटीचा: तिथे सहा मणी, एका ओळीत, पांढरेशुभ्र.

मला एका क्षणात उमगले. या विमानाची उभी शेपटी नंतर लावायची असते आणि काचेची खोली दोन्ही टोकांना असते, पुढे वैमानिकाची आणि मागे बंदूकवाल्याची, त्यामुळे सुटे अर्धे धड कुठूनही सारखेच दिसते. आणि आमचे हे छत्तीस वर्षे खिळ्यांवरची उलटी अक्षरे वाचत आलेले. सूचनांच्या कागदावरचे चित्रही त्यांनी सवयीने उलटेच वाचले. नाकाचे वजन नेमके मोजून, नेमके चिकटवून, शेपटीत घातले! म्हणजे वजन घातले हे त्यांचे म्हणणे खरे, नाकात वजन नाही हे माझे म्हणणे खरे, आणि माझे गणितही खरे.

"हे कधी काढलेस?"

"गेल्या वर्षी."

"आणि वर्षभर गप्प बसलीस?"

"तुम्ही रोज संध्याकाळी इथे बसून बाबांशी भांडता, आई. 'घातलं नाहीतच, घातलं नाहीतच.' मला वाटलं, हे दाखवलं तर भांडण संपेल. मग तुम्ही करणार काय?"

मी शेपटीचा एक्स-रे पुन्हा खिडकीच्या उजेडात धरला. मग एवढेच विचारले, की पोट न फाडता मणी काढता येतील का.

"पोट कशाला फाडायचं? शेपटीच्या टोकाची काच तेवढी सोडवू. अक्कलदाढ याहून अवघड असते."

पंचासमोर झालेले बरे, म्हणून मी स्वतः जाऊन घड्याळजींना बोलावून आणले. पाच वर्षांनी मी दुकानात शिरले तेव्हा त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला, तो अजून सापडलेला नाही. सूनबाई माझ्या खुर्चीवर बसली, मी शेजारी स्टुलावर. तिने काच सोडवली आणि एकेक मणी बाहेर काढला. मी प्रत्येक तराजूत टाकला. प्रत्येकी एक ग्रॅम, कसर नाही. यांचे हात सच्चे होते. पाच निघाले तरी विमान काडीवरच रेललेले. सहावा डिंकात बसला होता. तो सुटला, तिने विमान टेबलावर काडीला टेकवून ठेवले, आणि नाक हळूच खाली आले. चाक टेबलाला टेकले. टक्, एवढाच आवाज. काडी आडवी पडली.

"वहिनी," घड्याळजी म्हणाले, "कुत्रं उठलं!"

सगळे हसले. मीही.

तेव्हा या कलमान्वये मी ठरवते की विमान सूनबाईचे. मृत्यूनंतर नव्हे, आजपासून. मेल्यावर दिलेल्या वस्तूची तपासणी करता येत नाही. अटी तीनच: काचेच्या कपाटात कोंडू नये, दरवर्षी एक तरी सुधारणा करावी आणि मी असेपर्यंत ती मला दाखवावी, टेबलापाशी दोन खुर्च्या असाव्यात. डाव्या पंखावरचे माझे ओघळ खरवडून काढण्याची तिला पूर्ण मुभा आहे. काढताना मला बोलावू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि त्यात खाडाखोड नाही.

लिहून देणार: (सही) सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षक
साक्षीदार पहिले: (सही) कोपऱ्यावरचे घड्याळजी. सही करताना पेन झटकले, डाग त्यांचा आहे.
साक्षीदार दुसऱ्या: (सही) वकीलबाई. "कारणे लिहिण्यास माझी हरकत होती," असा शेरा त्यांनी लिहिला आहे. राहू द्यावा.
ठिकाण: मागची खोली, उत्तरेच्या खिडकीचे टेबल
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार, दुपारी चार

सोबत, आज ताबा दिल्याची नोंद:

विमान, एक, तीन चाकांवर उभे. शिशाचे मणी सहा, एकूण सहा ग्रॅम, डबीत. एक्स-रे दोन, पाकिटासह. सूचनांचा मूळ कागद, एक. चित्रावर नाकाची म्हणून यांच्या हातची खूण, शेपटीच्या टोकाला. भिंग, चिमटे दोन, काचकागद, रंगाच्या बाटल्या अकरा, पैकी दोन वाळलेल्या. खुर्ची, एक.

मिळाले: (सही) सूनबाई

रुपेरी काडी दिलेली नाही. ती माझ्याजवळ राहील.