राजाची एक उडी

धरमपेठ, नागपूर
५ डिसेंबर १९५५

तीर्थरूप ताईस,

दत्तूचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे, धोतर सोडून.

अथ तैलप्रकरणम्. सावनेरच्या मोटारीने तू धाडलेली ब्राह्मी तेलाची बाटली पोचली. अड्ड्यावरून घरी येईपर्यंत अर्धं तेल माझ्या धोतरात उतरलं. तू लावलेल्या चिंधीच्या बोळ्याला बूच म्हणणं हा समस्त बुचांचा अपमान आहे. ब्राह्मीने स्मरणशक्ती वाढते, हे मात्र खरं. तीनदा धुतलं तरी धोतर ते तेल विसरायला तयार नाही. (शेजारच्या रुख्मिणीने हे वाचून दाखवताना येथे हसू नये.)

हे सारं कोणासाठी सोसलं, ते आठवतं ना? दिवाळीत तूच म्हणालीस, "दत्त्या, बुद्धिबळात एक बक्षीस आणून दाखव, मग मी नागपूरला येऊन मोतीबिंदू काढून घेते." तुझा हिशेब मला कळत नव्हता थोडाच! न हा जिंकणार, न आपल्या डोळ्याला कोणी हात लावणार.

म्हणून भिजवलेले बदाम. म्हणून मधातलं वेखंड, नाकात तूप, डोक्यावर उरलेलं तेल. मेंदूकडे रक्त जावं म्हणून शीर्षासनही आरंभलं. सुमती म्हणाली, "अहो, उलटे होऊ नका. आहे तेवढंही सांडेल." लग्नाला इतकी वर्षं झाली, की बायको अशी भाष्यकार होते.

एवढं करून इथल्या बुद्धिबळ स्पर्धेच्या अंतिम डावापर्यंत पोचलो, ताई. काल तो झाला. समोर बाबनराव, लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांचं औषध निराळं. भिवापुरी मिरचीचा ठेचा खाऊन बसतात, आणि माझी खेळी आली की "स्स... हा, स्स... हा" सुरू! मीही कच्चा नव्हे. आधी जाऊन खिडकीकडे पाठ करून बसलो, म्हणजे ऊन त्यांच्या डोळ्यांत.

दुपारपर्यंत माझा राजा कोपऱ्यात कोंडला गेला. आणि तिथे तुझ्या तेलाने गुण दिला. डोकं असं लख्ख झालं, की लहानपणी ओसरीवर तू शिकवलेल्या खेळाचं अक्षर न् अक्षर आठवलं. राजाला अजून एकदाही शह बसला नव्हता. मी तो उचलला, घोड्यासारखा अडीच घरं बाहेर ठेवला, आणि मिशीवरून हात फिरवला. पुढच्या खेळीला बाबनरावांवर मात होती.

मिरचीचा आवाज थांबला. पंच नत्थूजी, आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर, वाकून पाहू लागले.

"पंत, काय करून राहिले गा? राजा हाय थो, घोडा नाही!"

"शह बसलेला नाही. एकदा उडी मारता येते."

"कोनं सांगतलं तुमाले?"

"माझ्या ताईनं."

"मंग ताईले सांगा, आता इलायती नियम आले."

नियम मी वाचले होते. पण बोटं तुझी शिष्य, त्यांनी वाचले नव्हते. हात लावलेला राजा हलवणं भाग होतं. त्याला एकच घर उरलं होतं, आणि त्या घरात मरण होतं. चषक वखारीत गेला. जाताना बाबनराव डोळे पुसत म्हणाले, "पंत, जुन्या पद्धतीनं डाव तुमचाच होता." ते पाणी मिरचीचं असावं.

आता न्याय तू कर. पैज लावताना विलायती नियम म्हणाली होतीस का? जन्मात तू त्या नियमाने एक प्यादं तरी हलवलंस का? तुझ्या नियमांनी मी जिंकलो, आणि पैज तुझ्याशी होती. डॉक्टरांशी बोललो आहे. मोतीबिंदू पिकला आहे, काढला की चष्मा लावून पोथीसुद्धा वाचशील, म्हणतात. गुरुवारच्या सकाळच्या मोटारीने ये. मी अड्ड्यावर तेच धोतर नेसून उभा राहीन, म्हणजे दिसलो नाही तरी वासाने ओळखशील.

हा विनोद लिहिला आणि हात थांबला.

रुख्मिणी, पुढचं सावकाश वाच, बाई.

ताई, दिवाळीत तू माझा काळा हत्ती आपला समजून चालवलास. मी ती खेळी तशीच चालू दिली. सोंगटी उचलण्याआधी तू प्रत्येक वेळी ती बोटांनी चाचपत होतीस, तेही पाहिलं. बक्षिसाची मला कधी हाव नव्हती. उशीर झाला तर तुला पट दिसणार नाही, आणि मग मीही दिसणार नाही, याची मला फार भीती वाटते. ये.

तुझी वाट पाहणारा,
दत्तू