शिडाची फळी

गोवा, फेब्रुवारी २००३

तीर्थरूप आईस,
समर्थचा वाकून नमस्कार.

हॉटेलात पोटभर जेवण मिळतं. समुद्रात जाताना अंगात जॅकेट असतं, घाबरू नको. यंदा आपल्या पालीला कलमांना मोहोर बरा आहे ना?

मी विंडसर्फिंग शिकतोय. शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याने जायचं. रोज पडायचो. हॉटेलचे पाहुणे चहा पीत हसायचे. काल पहिल्यांदाच न पडता किनाऱ्यापर्यंत आलो. कोणी हसलं नाही. हॉटेलच्या मालकांनी बाजूला घेतलं.

"शिकलेले आहेत माझ्याकडे. तुला पडायला ठेवलंय," ते म्हणाले.

आज मुद्दाम पडत राहिलो. शेवटी शिडाचा दांडा कपाळावर बसला, तेव्हा पाहुणे सगळ्यात जास्त हसले. जखम किरकोळ आहे.

बाबांना फक्त कालचं सांग.

तुझा,
समर्थ