एक पायरी वरचा कॅमशाफ्ट

सँडहिल्स, नेब्रास्का
ता. ३ सप्टेंबर १९९६

ती. व्हर्लिनदादास,
धाकट्या आर्डिथचा स. न. वि. वि.

तू पाठवलेलं पुडकं शनिवारी पोचलं. त्यात गॅस्केटचा संच एक, कॅमशाफ्टची यादी असलेलं पुस्तक एक आणि ट्रक किती ओझं ओढतो ते भरून पाठवायचं कार्ड एक. टपाल हशील तीन डॉलर दहा तू भरलंस. गॅस्केटचे अठ्ठावीस मी सोबतच्या चेकने पाठवते आहे. नको म्हणू नकोस, वहीत लिहून झाले.

डेलमरच्या ट्रकचं इंजिन गावातल्या रस्क मेकॅनिकने उघडलं. आतला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, एका जागी झिजून गुळगुळीत झालाय. आठातला एक सिलिंडर कित्येक दिवस नुसता सोबतीला होता म्हणतो. त्याचा सल्ला असा, की जुन्या तऱ्हेचा पुन्हा टाकू नका, चाकवाल्या टॅपेटचा टाका, त्यावर टेकणाऱ्या टॅपेटला चाक असलं म्हणजे असा झिजायचा नाही. इथवर पटलं. पण पुस्तकातला कुठला? तो शेवटच्या पानावरचा सगळ्यात मोठा दाखवतो. उभ्या ट्रकचं इंजिन असं गडगडेल, म्हणे, की पास्टरसाहेबांना प्रवचन थांबवावं लागेल. मी त्याला म्हटलं, की तू चर्चला आलास तर ते तसेही थांबतील.

डेलमर मला एकटीला सोडून देवाघरी गेला, त्याला नोव्हेंबरात वर्ष होईल. जोलीन ओमाहाहून दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी तेच, की आई, बर्फ पडायच्या आत कुरण विक आणि माझ्याकडे ये. मी पंचवीस गाई पुढे करते, वासरं बाजाराला न्यायची आहेत म्हणते. पण ट्रकच बंद, मग नेणार कशात, असं ती म्हणते. ऑक्टोबरच्या आत तो चालला नाही तर मला लेकीकडे जावं लागेल. म्हणून कार्ड भरून सोबत ठेवलंय.

बाकी प्रभूच्या कृपेने ठीक. गुरांच्या ट्रेलरमध्ये छताखाली पाकोळीने घरटं केलं आणि या उन्हाळ्यात दोनदा पिल्लं काढली. दार उघडलं की मलाच रागावते.

विसरू नये, ही विनंती.
तुझी आर्डिथ

पोकाटेलो, आयडाहो
ता. ९ सप्टेंबर

चि. आर्डिथ हिस अ. आ.

तुझा चेक फाडला. आता वहीत काय लिहायचं ते तू आणि प्रभू बघा.

रस्कला सांग, आवाज काही ओढत नाही. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा मोठा कॅम इंजिन जोरात फिरेल तेव्हाच कामाचा. भरला ट्रेलर जागचा हलवायचा असतो तिथे त्याच्यात जीव नसतो. शिवाय ब्रेकला इंजिनच्या व्हॅक्यूमची मदत कमी पडते आणि ते दगडासारखे होतात.

चाळीस वर्षं मी दुकानात कॅम घासून घडवले आणि ही कार्डं वाचली. सगळे त्यावर वाढवून लिहितात. दोन पोती मका नेणारा दोन टन लिहितो, आणि मग त्याला त्याच्या बढाईच्या मापाचा कॅम मिळतो. म्हणून आम्ही दुकानात प्रत्येक कार्डातून गुपचूप थोडं वजा करत असू. तुझ्या कार्डातून वजा करावं लागेल असं वाटलं नव्हतं. तू लिहितेस, उन्हाळाभर आठवड्याला चार फेऱ्या, ट्रेलरमध्ये वीस गुरं. मग त्याच ट्रेलरमध्ये पाकोळीची दोन बाळंतपणं कशी झाली गं?

खरं ओझं कळव. ते चुकलं तर कॅम चुकतो. बाकीचं मी विचारत नाही.

तुझा दादा

सँडहिल्स
ता. १४ सप्टेंबर

ती. दादास, स. न. वि. वि.

प्रभूकडे क्षमा मागून झाली, आता तुझ्याकडे मागते.

गाई नाहीत. एकही नाही. एप्रिलमध्येच विकल्या. अडलेल्या गाईचं वासरू एकटीने ओढून काढणं झेपेना, दोन गेली. जोलीनला सांगितलं नाही. गाई नाहीत म्हटलं, की मग तू तिथे कशाला, असं ती विचारणार.

ट्रक काय नेतो ते आता खरं लिहिते. रविवारी चर्चला मला. मंगळवारी आणि शुक्रवारी पाण्याची टाकी घेऊन दक्षिणेच्या कुरणातला हौद भरायला. प्यायला कधी हरणं येतात, कधी तीही नाहीत. पण तिथवर सोळा मैल डांबरी रस्ता आहे, आणि इकडची रीत तुला ठाऊक आहेच, समोरून येणारा ओळखीचा असो नसो, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. एका फेरीत चार बोटं मिळाली तर माझा दिवस बरा जायचा. ट्रक बंद पडून सहा आठवडे झाले. पास्टरसाहेबांची बायको रविवारी मला नेते, पण ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं आवळून धरते, की आमच्याकडे बघून लोकच ब्रेक मारतात.

हे ओझं कार्डात कुठे लिहायचं, मला कळलं नाही. रागावू नये.

तुझी आर्डिथ

पोकाटेलो
ता. २० सप्टेंबर

चि. आर्डिथ हिस अ. आ.

कॅमशाफ्ट आणि टॅपेट वेगळ्या टपालाने पाठवले आहेत. तुझ्या इंजिनच्या ब्लॉकमध्ये चाकवाले टॅपेट सरळ धरणारी पट्टी बसवायची जागा कारखान्यातच ओतलेली आहे. रस्कला म्हणावं, भोकं पाडून आटे तेवढे कर.

तुझ्या सोळा मैलांना यादीतला सगळ्यात लहान पुरला असता. मी त्याच्या एक पायरी वरचा घेतला. जागेवरून ओढतो जवळजवळ तसाच, पण लांब चढावर दम सोडत नाही. सँडहिल्समध्ये असा चढ कुठला, असं रस्क विचारेल. वायोमिंगमध्ये आहे. माझं घर त्याच्या पलीकडे आहे.

दुकान विकल्यापासून मला कुणी कार्ड पाठवत नाही. तुझं आलं ते खोटं होतं तरी तीनदा वाचलं. जेवायच्या टेबलाच्या चार खुर्च्यांपैकी तीन मी भिंतीला लावून ठेवल्यात, पाय अडखळतो म्हणून.

पण जोलीनला आधी खरं सांग. तिच्यापासून लपून माझ्याकडे येऊ नकोस.

तुझा दादा

सँडहिल्स
ता. ४ ऑक्टोबर

ती. दादास, स. न. वि. वि.

ट्रक चालू झाला. रस्क बॉनेटला कान लावून उभा राहिला आणि तोंड पाडून म्हणाला, की हे तर शिवणयंत्र झालं, मी बसवलं म्हणून गावात सांगू नका. काल दगड भरलेला ट्रेलर टेकडीवर नेऊन पाहिला. न कुरकुरता चढला.

जोलीनला रविवारी सगळं सांगितलं. ती म्हणाली, की आई, मला इतके महिने वाटत होतं, तुला माझ्यापेक्षा गाई जास्त. ती रडली, मीही. कुरणाचं वसंतापर्यंत काही ठरवायचं नाही असं ठरलं. पण हिवाळा मी इथे एकटीने काढायचा नाही, हे मी तिला माझ्या तोंडाने कबूल केलं. कुणाकडे काढायचा, ते तिने माझ्यावर सोडलंय.

तेव्हा दोन गोष्टी विचारते. वायोमिंगच्या चढावर बर्फ कधी धरतं? आणि मी तुझ्याकडे किती दिवस राहिले तर तुला जड होणार नाही? दोन्हींचं उत्तर उलट टपाली कळव. दुसऱ्याचं आधी लिही.

तुझी आर्डिथ