तीन ठिपक्यांचा आर्म

३ जुलै
नवी नोकरी, नवं गाव आणि गॅरेजच्या माडीवर ऐसपैस खोली! ओल्या रस्त्यावरून घसरून खड्ड्यात गेलेल्या गाड्या इथे येतात. सस्पेन्शन, म्हणजे चाकांना धरणारा सांगाडा, किती मोडलं, ते तपासून मी लिहायचं. फिटरकाकांनी विचारलं, साहेब गाडीखाली झोपणारे की नुसतेच वाकून बघणारे? मी झोपून दाखवलं. गडी खूश!

५ जुलै
नदीच्या वळणावर घसरलेली पांढरी गाडी. डावं चाक आत दुमडलेलं, त्याला धरणारा आर्म वाकलेला. असा आर्म सरळ करून वापरायचा नसतो. एकदा वाकलेलं लोखंड आतून मेलेलं असतं. बाद झाल्याची खूण म्हणून त्यावर पंचच्या टोकदार छिन्नीने तीन ठिपके ठोकले आणि भंगारात टाकला.

९ जुलै
निळी गाडी, तेच वळण. चालवणाऱ्या बाईंचा पाय गेला. आर्म काढला, तर तीन ठिपके! मेलेलं लोखंड तापवून, ठोकून, वर काळा रंग फासून बसवलं होतं! गॅरेजच्या मालकांना जाब विचारला. म्हणाले, भाषणं सभेत ठोका, इथे पाने फिरवा. अरे, ही काटकसर नाही, हा खून आहे! करवतीने आर्मचे दोन तुकडे केले.

१२ जुलै
तिसरी गाडी. तोच आर्म. अखंड. ही गाडी आपल्या गॅरेजात कधी आलीच नव्हती. मालक पांढरेफटक. फिटरकाका पुटपुटले, एकदा आपण त्याला परत पाठवलं, आता तो आपणहून जातो.
लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं.

१३ जुलै
ताई गाडी घेऊन भेटायला आली. आधी गाडीखाली शिरलो. ठिपके नाहीत. ताई म्हणाली, माझ्या लग्नातही तू सासऱ्यांच्या गाडीखालीच होतास. बहिणीची विचारपूस कधी करणार?

१४ जुलै, सकाळ
पाऊस. ताई आत्ताच निघाली. कुलूप शाबूत, पेटी रिकामी. ताई फोन उचलत नाही —

मालकांच्या गाडीतून ताईच्या मागे निघालोय. चालवताहेत तेच. मीच दरडावलं, पाप तुमचं, चाकही तुम्हीच धरा! लिहितोय ते साक्ष म्हणून. ताईला काही झालं तर ह्या माणसाला मी —

वळण. पलीकडे ताईची गाडी. उभी. धड! ताई हात हलवतेय — सुखरूप —

मग आर्म कुठे —

माझ्या पायाखाली, डाव्या चाकापाशी, काहीतरी कर्र