मुनियांसाठी उकडलेलं अंडं

मावशी,

बाबांनी तुम्हाला लग्न करून अकोल्याहून बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात आणलं ते महाराष्ट्र झाला त्या साली. मी अकरा वर्षांची होते, आईला जाऊन वर्षही भरलं नव्हतं. तिच्या मागे तिच्या पाच लाल मुनिया उरल्या होत्या, पडवीतल्या पिंजऱ्यात. राळ्याचे बारीक दाणे घालायचे, पाणी बदलायचं, एवढं मी आईकडून शिकले होते आणि दुसऱ्या कुणी त्यांना हात लावलेला मला चालत नव्हता. तुम्ही आलात त्याच आठवड्यात एक मादी हातात घेतलीत, तिच्या पोटावर फुंकर घातलीत आणि म्हणालात, "नुसत्या राळ्यावर काय राह्यते इच्या आंगात? अंड्यावर येऊन राहिली हे. इले अंडं चारा लागते." पाखराला अंडं! आईच्या साड्या तुम्ही ट्रंकेत घातल्याच होत्या; मला वाटलं, आता पाखरांची पाळी.

रोज सकाळी तुम्ही उकडलेलं अंडं बोटांनी कुस्करायचात, त्यात टरफलाची पूड मिसळायचात आणि वाटी पिंजऱ्यात ठेवायचात. मुनिया वरच्या काडीवर एकमेकींना चिकटून बसायच्या, खाली उतरायच्या नाहीत. "पाहतील चार दिस, मंग खातील," तुम्ही म्हणायचात, "नव्या चीजेले भेतेतच हे." तुम्ही चुलीकडे वळलात की मी ती वाटी शेजारच्या कोंबड्यांपुढे रिकामी करायची. त्याआधी जिभेला लावून पाहायची. कडू कधीच लागलं नाही, तरी विश्वास बसला नाही. रिकामी वाटी पाहून तुमचा चेहरा खुलायचा, आणि त्या खुलण्याचाही मला संशय यायचा.

नवव्या की दहाव्या दिवशी ती मादी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेली सापडली. अंडं पोटातच अडकलं होतं. बाबा ड्यूटीवरून आले, कंदील अजून हातात होता, आणि मी सांगितलं, "बाबा, मावशीनं जहर घातलं." शेजारच्या बाया दारात जमल्या. बाबा ओरडले, "काय चारलं तू पाखराइले?" तुम्ही आत गेलात, उरलेलं अर्धं अंडं आणलंत आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या खाल्लंत. "हेच चारलं. पा, मेली का मी?" बाबा वरमले, पण पिंजऱ्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी तुम्हाला बजावलंच.

आठवड्याभरात दुसरी मादीही पिसं फुगवून बसायला लागली. मी रडकुंडीला आले. तेव्हा तुम्ही चुलीपुढून, भाकरीवरची नजर न काढता बोललात, "राळा ओला कर. चिमूटभर अंडं चिकटव त्याले. सकाळी भुक्या असतेत, तवाच ठेव." मी ठेवलं. त्यांनी अंडं लागलेले दाणे चोचीनं उडवून दिले. "उडवू दे. उद्या पुन्हा ठेव." मग तुम्ही हिरव्या गवताची कणसं जाळीत खोचायला लावलीत. एक नर त्यांना लोंबकळला, त्याचं पाहून बाकीचे आले. त्याच नरानं सहाव्या दिवशी पिवळा कण उचलला, टाकला, परत उचलला आणि गिळला. मी ओरडते, "मावशी, खाल्लं!" तुम्ही पिठाचे हात घेऊन उंबऱ्यापर्यंत येता आणि तिथेच थांबता.

दिवाळीनंतर पिंजऱ्यात तीन पिल्लं होती. पण बाबा शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, "हिच्या हाताले पाखरं सोसत नाहीत." तुम्ही चहाचे कप पुढे करत हसायचात. मी तिथेच बसलेली असायची.

हा कागद कुठे पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आला. बाबा गेल्यावर तुम्ही शेवटची तीन वर्षं अमरावतीला माझ्याकडे होतात. दुपारी घरात आपण दोघीच. ती वाटी कोण रिकामी करायचं ते सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. पण मला धास्ती वाटायची की तुम्ही तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल, "मले मालूम होतं."